ठेका, टाप आणि बफर

दत्तजयंतीला सारंगखेड्यात, तापीकाठी, एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजाराइतकेच ठेक्यावर नाचणारे घोडेही लोकांना खेचतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे वाजवणाऱ्यापासून ३४ मीटरवर उभ्या माणसाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. त्याचं काही अडत नाही. घोड्याला मात्र ठोका वेळेवर लागतो.

लिनक्सवरच्या ध्वनीचा गेल्या पंचवीसेक वर्षांचा प्रवास ऐकणारा माणूस आणि नाचणारा घोडा या दोघांच्या भांडणाचा आहे. पॉल डेव्हिस यांनी घडवलेला ‘जॅक’ हा ध्वनी-सर्व्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि साउंड कार्ड यांच्यातला दुवा, घोड्याच्या बाजूचा. साउंड कार्डाने ‘आवाजाचा तुकडा संपला’ अशी हाक दिली की सगळ्या प्रोग्रॅमनी लगेच पुढचा तुकडा हजर करायचा. उशीर काही मिलिसेकंदांचाच, पण एखाद्याने दिरंगाई केली की तडतड ठरलेली. गाणी ऐकणाऱ्याला हा जाच कशाला?

‘पल्सऑडिओ’ त्या ऐकणाऱ्याचा. २००७ मध्ये ‘फेडोरा’ या लिनक्स वितरणाच्या आठव्या आवृत्तीने तो स्वीकारला. पुढच्याच वर्षी लेनार्ट पोटरिंग यांनी त्याची रीत पालटली: कार्डाच्या हाकेची वाट न बघता मोठा बफर, म्हणजे आवाजाचा साठा, भरून ठेवायचा, पुन्हा कधी उठायचं ते संगणकाच्या घड्याळावरून ठरवायचं आणि मध्येच नवा आवाज आला तर भरलेला भाग पुसून पुन्हा लिहायचा. प्रोसेसरला झोप मिळाली, बॅटरी वाचली. कल्पना देखणीच होती. फसली ती ड्रायव्हरपाशी. कार्डाचं वाजवणं नेमकं कुठवर आलं, हे काही ड्रायव्हर चुकीचं सांगत. मग सेटिंगमध्ये ‘टीशेड=०’ लिहून जुन्या रीतीवर परतायचा सल्ला घरोघरी फिरला, आणि शिव्या मात्र पल्सऑडिओने खाल्ल्या. हा अन्यायच.

विम टायमन्स यांच्या ‘पाइपवायर’ने दोन्ही घरं एकत्र आणली. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने तो घेतला. यात प्रत्येक प्रोग्रॅम आपली गरज सांगतो आणि सर्वांत घाईच्या प्रोग्रॅमप्रमाणे तुकड्याचा आकार ठरतो. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने धरले तर १०२४ नमुन्यांचा तुकडा २१ मिलिसेकंदांचा, १२८ चा तीनहूनही कमी. गंमत म्हणजे, २०२३ च्या १.० आवृत्तीत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी कार्डाच्या हाकेची जुनी रीत परत आली.

नुसतं ऐकायचं असेल तर १०२४ च्या तुकड्याला हात लावू नका. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज ऐकत गायचं असेल तर १२८ पासून सुरू करा. तडतड आली तर २५६ वर जा.