घरचें विमान : हौस आणि हिशेब

पुष्पक विमानाचा मूळ धनी कुबेर होता, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यावरून विमान बाळगणें हें कुबेराचेंच काम, अशी कोणाची समजूत झाल्यास नवल नाहीं. परंतु अमेरिकेंत कित्येक मध्यम स्थितीचे गृहस्थही लहानसें विमान बाळगतात. तें त्यांना कसें परवडतें, हें पाहणें मनोरंजक तसेंच बोधप्रद आहे.

तिकडील सर्वांत परिचित लहान विमान म्हणजे सेस्ना १७२. तें १९५६ सालीं बाजारांत आलें आणि आजवर ४४,००० हून अधिक तयार झालीं; इतक्या संख्येनें दुसरें कोणतेंही विमान निघालेलें नाहीं. त्यांत चौघे बसतात. ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें तें जातें आणि तासास सुमारें ३२ लिटर पेट्रोल पितें. चाळीस-पन्नास वर्षें वयाचीं विमानेंही अद्याप उडत आहेत. म्हणून जुनें विकत घेण्याचीच चाल अधिक.

पण किंमत दिली म्हणजे संपलें असें नाहीं. खर्च दोन प्रकारचा : उडण्याचा आणि उभें राहण्याचा. उडण्याच्या खर्चांत पेट्रोल व तेल आलें. शिवाय सुमारें २,००० तासांनीं इंजिन उकलून पुन्हा नवें करावें लागतें, त्याची तरतूद दर तासाला बाजूस काढावी लागते. हँगरचें भाडें, विमा आणि दर बारा महिन्यांनीं कायद्यानें सक्तीची तपासणी, हा उभें राहण्याचा खर्च. समजा, तो वर्षाला ९,००० डॉलर आला. तीस तास उडणाऱ्यास तासाला ३०० डॉलर पडले. दीडशें तास उडणाऱ्यास अवघे ६०. व्यस्त प्रमाण शिकवितांना आम्हीं अशीं उदाहरणें पुष्कळ घातलीं आहेत.

नुसत्या उभ्या विमानाचें दुसरें नुकसान याहून मोठें. दमट हवेनें इंजिन आंतून गंजतें आणि वैमानिकाचा हातही गंजतो. म्हणूनच मागील ९० दिवसांत तीन उड्डाणें व तीन अवतरणें केल्यावांचून इतरांस बरोबर नेऊं नये, असा तेथील नियम आहे. सोबत्यांकडून भाडें घेऊन खर्च भागवावा म्हटलें, तर खाजगी परवानाधारकास तीही मोकळीक नाहीं. खर्चांतील आपला वांटा त्यानें उचललाच पाहिजे.

यावर शहाण्यांनीं काढलेला उपाय एकत्र कुटुंबाचाच आहे. तिघे-चौघे मिळून एक विमान घेतात. उभें राहण्याचा खर्च विभागला जातो आणि विमान उडतें राहतें. मात्र रविवार कोणाचा, मोडतोड कोणाच्या नांवें, वेगळें होणाऱ्यास हिस्सा कसा द्यावा, हें आधींच लिहून ठेवावें लागतें. तें कां, हें आमच्या वाचकांस सांगणें नको!

आणि सुख? तिकडे सार्वजनिक वापराचे सुमारें पांच हजार विमानतळ आहेत. बहुतेकांवर मोठीं प्रवासी विमानें उतरतच नाहींत. तीनशें किलोमीटरांवरील आजीला दीड तासांत भेटतां येतें. ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ ही वैमानिकांची जुनी थट्टा : शेजारच्या विमानतळावर उडत जाऊन फराळ केला, तर त्याची खरी किंमत तेवढी होते! वाचकांनीं पदार्थ सोडून मर्म घ्यावें. ती किंमत हंसत देणाऱ्यासच हा आनंद लाभतो.

आमचें मत एवढेंच कीं, तपासणींत निघालेली दुरुस्ती पैशासाठीं पुढें ढकलण्याचा मोह ज्यास होईल, त्यानें विमान तत्काळ विकावें. हौसेंत काटकसर अवश्य करावी; परंतु बरोबर बसलेल्या मुलांबाळांच्या जिवाशीं ती करूं नये.