सकाळचा सोंगाड्या

जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेची माणसं वांद्र्यातल्या एका घरी डास शोधायला गेली आणि कुंडीखालच्या ताटलीत त्यांना डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्या. नोटीस निघाली. पावसाळ्यात अशा नोटिसा ढिगाने निघतात, त्यांची बातमी होत नाही. हिची झाली. घर रेड एफएमच्या मलिष्का मेंडोन्साचं होतं आणि काही दिवसांपूर्वीच तिने पालिकेवर गाणं केलं होतं. ही नेहमीची तपासणी आहे, असं पालिका म्हणाली. असेलही. पण पालिकेला नेमका तोच आठवडा सापडावा, यावर शहर मनसोक्त हसलं.

रेड एफएमच्या ९३.५ वरचा मलिष्काचा ‘मॉर्निंग नंबर वन’ हा कार्यक्रम मुंबईचा असला, तरी त्याचा श्रोता खाडीपलीकडे नवी मुंबईतही होता. एफएमच्या लहरी वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंत सहज यायच्या. पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये सव्वा-दीड तास काढायचा, तर कानाला काहीतरी लागतंच. साध्या मोबाइलमध्ये इअरफोनची वायरच अँटेनाचं काम करायची, त्यामुळे वायर खोचली की रेडिओ फुकट. मार्केटात गाळ्यावर, तुर्भ्याकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये, रिक्षात, सगळीकडे सकाळी तीच बडबड. गाणी कमी, जाहिराती फार आणि मध्ये निवेदिकेची अर्धी हिंदी, अर्धी मराठी, थोडी इंग्रजी टोलेबाजी. रेडिओला खरा पैसा सकाळी मिळतो. टीव्हीचं राज्य रात्री सुरू होतं, पण सकाळी माणूस रस्त्यावर असतो.

खाजगी एफएम आलं ते बऱ्याच रखडपट्टीनंतर. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना दिले आणि १९९८ मध्ये काढूनही घेतले. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल दिला. मग लिलाव झाले आणि २००२ च्या सुमारास मुंबईत एकापाठोपाठ एक केंद्रं सुरू झाली. परवान्याची रक्कम भारी, त्यात दरवर्षी पंधरा टक्के वाढ. कंपन्या रडकुंडीला आल्या. पुढे २००५ च्या धोरणाने उत्पन्नातला वाटा घ्यायची पद्धत आणली, तेव्हा कुठे धंदा श्वास घेऊ लागला.

पण एक अट कायम राहिली आणि माझ्या मते या सगळ्या विनोदाचं मूळ त्या अटीत आहे. खाजगी रेडिओने बातम्या द्यायच्या नाहीत. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा दिली. प्रत्यक्षात ते २०१९ मध्ये सुरू झालं. स्वतःचा वार्ताहर ठेवून स्वतःची बातमी सांगायला आजही बंदी आहे. वाहतूक, हवामान, पाणी-वीज हे मात्र बातमीत धरत नाहीत. म्हणजे सायन-पनवेल महामार्गावर गाड्या तुंबल्यात हे सांगता येतं. का तुंबल्यात, हे सांगताना जीभ चावावी लागते. तमाशातल्या सोंगाड्याने ही अडचण फार पूर्वी सोडवली होती. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके ताज्या घडामोडींवर कोपरखळ्या मारायचे, त्याला कोणी वार्तापत्र म्हटलं नाही. एफएमच्या सकाळने तीच वाट धरली.

२०१७ च्या त्या जुलैत ‘सोनू’ नावाचं एक मराठी गाणं मोबाइलवर धुमाकूळ घालत होतं. सोपी चाल, प्रश्नावर प्रश्न, कोणीही आपले शब्द घालावेत असं. मलिष्काने त्यात रस्ते, खड्डे, तुंबलेलं पाणी आणि लोकलचे हाल घातले. मराठी गाणं क्वचितच वाजवणाऱ्या केंद्राला मुंबईच्या कारभारावर बोलायचं म्हटल्यावर मराठी चाल सापडली, याची मला गंमत वाटते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पालिकेची निवडणूक झाली होती. शिवसेना ८४, भाजप ८२. राज्याच्या सत्तेत दोघे एकत्र, पालिकेत एकमेकांच्या उरावर. अशा वेळी खड्ड्यावरचं गाणं नुसतं खड्ड्यावर राहत नाही. युवासेनेच्या नगरसेवकांनी आयुक्तांना पत्र लिहून केंद्रावर पाचशे कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावा, अशी मागणी केली. शिवसेनेकडून त्याच चालीवर उत्तरही आलं. गाणं ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही मग ते शोधून ऐकलं. नोव्हेंबरात ‘तुम्हारी सुलु’ हा चित्रपट आला, त्यात मलिष्का रेडिओ निवेदिकेच्याच भूमिकेत होती. कार्यक्रमाचा हा कळस.

इतकं कौतुक करताना एक गोष्ट मात्र टोचते. २०१६ मध्ये पालिकेच्या रस्त्यांच्या कामातला घोटाळा बाहेर आला, कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, अभियंत्यांना अटक झाली. गाण्यात यातलं काही नव्हतं. असणार कसं? नाव घेतलं की ती बातमी. मग राहतो तो ‘पालिका’ नावाचा बिनचेहऱ्याचा धनी, ज्याला कितीही हिणवलं तरी कोणाची नोकरी जात नाही. नवी मुंबईच्या श्रोत्याची तर आणखी पंचाईत. त्याची महापालिका १९९२ पासून वेगळी आणि सानपाडा-नेरूळच्या उड्डाणपुलांवर ज्या खड्ड्यांत त्याची स्कूटर आपटायची, ते सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सायन-पनवेल महामार्गावरचे. तो हसायचा दुसऱ्याच्या पालिकेला.

आणि सकाळची टवाळी नेहमी वरच्यांचीच असायची, असंही नाही. सामान्य माणसाला फोन लावून फसवायचं, तो चिडला की ते ऐकवायचं, हा जवळजवळ प्रत्येक केंद्राचा हुकमी एक्का. मला तो कधीच आवडला नाही. २००७ मध्ये रेड एफएमच्याच दिल्ली केंद्रावरून ‘इंडियन आयडॉल’ जिंकलेल्या प्रशांत तमांगबद्दल गुरखा समाजाला हिणवणारी शेरेबाजी झाली. पार सिलिगुडीत दंगल उसळली, संचारबंदी लावावी लागली. टवाळखोराचं तोंड कुठे वळलंय, यावर सगळं ठरतं.

कार्यक्रमाला पुढे उतरण लागली, ती मात्र नोटिशीमुळे नाही. मलिष्काने पुढेही दरवर्षीसारखी गाणी केली. २०१९ मध्ये नवरीच्या वेशात खड्ड्यांमध्ये उभं राहून चंद्राची गाणी म्हटली. ती लोकांनी पाहिली. ऐकली नाहीत, पाहिली, मोबाइलवर, रेडिओ न लावता. खुद्द ‘सोनू’ही व्हिडिओ म्हणूनच गाजलं होतं. विनोद रेडिओतून बाहेर पडला आणि परत आला नाही. मग २०२० ची टाळेबंदी आली, लोकल थांबली, सकाळचा श्रोता घरीच बसला. तो पुन्हा बाहेर पडला तेव्हा कानात बिनवायरचे इअरफोन होते, म्हणजे अँटेना गेली. कित्येक नव्या फोनांत एफएम चालेनासं झालं. अखेर २०२३ मध्ये सरकारनेच मोबाइल कंपन्यांना सूचना काढली, की एफएमची सोय बंद करू नका.

टवाळीला चिडणारा माणूसही लागतो. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, मुंबईची मार्च २०२२ मध्ये, आणि दोन्हीकडे कारभार प्रशासकांच्या हाती गेला. खड्डे होते, पाऊस होता. पण सभागृहात नगरसेवकच नव्हते, तेव्हा पाचशे कोटींचं पत्र कोण लिहिणार आणि उलट गाणं कोण म्हणणार? प्रशासक फार तर खुलासा पाठवायचे, आणि खुलाशाला चाल लागत नाही.