आमच्या लेकीला ‘पानी’च म्हणू द्या!

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. तोंड असून ज्यांना बोलू दिले जात नव्हते आणि बोलले तरी ज्यांचे कोणी ऐकत नव्हते, त्यांचा तो नायक! त्या घटनेला शंभर वर्षे उलटून गेली. आज आमची माणसे विधिमंडळात बोलतात, न्यायालयात बोलतात, विद्यापीठात बोलतात. परंतु माणूस मुळात बोलायला शिकतो कसा, कोणाच्या भाषेत शिकतो, आणि त्याचे पहिले शब्द ऐकून घरचे-बाहेरचे काय म्हणतात, याचा विचार आमच्यात फारसा होत नाही. तो बायकांचा, घरातला विषय म्हणून बाजूला पडतो. आमच्या घरी दोन वर्षे चार महिन्यांची लेक आहे. तिच्या जन्मापासून आम्ही एक साधी वही ठेवली आहे. तिच्या बोलण्यात नवे काही आले की तारीख टाकून लिहून ठेवतो. त्या वहीत जे दिसले, ते वाचकांपुढे मांडावे असे वाटले.

मूल वर्षाचे झाले की बोलते, असे आपण म्हणतो. खरे तर ते त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. आमची लेक तिसऱ्या महिन्यात ‘अऽगू’ करू लागली, सातव्या महिन्यात ‘बाबाबा’, ‘ममम’. नोकरीमुळे आम्ही कल्याणला राहतो, पण आमची आई यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेली. ती नातीला मांडीवर घेऊन म्हणायची, “हो का वं माय? मंग काय झालं?” आणि थांबायची. मग लेक काहीतरी आवाज काढायची. आई पुन्हा विचारायची, “असं का?” एकाने बोलायचे, दुसऱ्याने थांबून ऐकायचे, मग त्याने बोलायचे, हा संवादाचा पहिला धडा लेकीने एकही शब्द येत नसताना गिरवला. तो देणारी बाई स्वतः चौथीच्या पुढे शिकलेली नाही.

कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिंदीत दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ वेगळे आहेत, जसे आपल्या मराठीतही आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक सहसा ऐकूच येत नाही. परंतु त्यांच्या घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो बरोबर ओळखता येत होता. तीच क्षमता दहा-बारा महिन्यांपर्यंत ओसरत गेली, कारण त्यांच्या घरात त्या फरकाला काम नव्हते. याचा अर्थ काय? मूल जन्मते ते जगातील कोणतीही भाषा शिकायच्या तयारीने. नंतर ते भोवतालची भाषा उचलते. जीभ जन्माने शुद्ध नसते आणि अशुद्धही नसते. जन्मावरून माणसाची लायकी ठरविणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य वाचावा.

आमच्या वहीतला पहिला शब्द ‘आई’ नाही, ‘बाबा’ही नाही. पहिला शब्द आहे ‘दे’! अकराव्या महिन्यात हात पुढे करून तिने तो स्पष्ट म्हटला. त्यानंतर ‘बाबा’, ‘आई’, ‘भू’, ‘माऊ’, आणि सोळाव्या महिन्यात ‘नाई’. या ‘नाई’ने घर दणाणून सोडले. हवी ती वस्तू पुढे केली तरी आधी ‘नाई’ आणि मग हात पुढे. मागणी करणे आणि नकार देणे, या दोन गोष्टी माणूस इतक्या लवकर शिकतो. त्या विसरायला लावण्यासाठी मात्र समाजाला पुष्कळ मेहनत करावी लागते.

शब्द आला म्हणजे त्याची हद्द ठरली असे नाही. ‘भू’ म्हणजे आधी कुत्रा, मग शेळी, मग म्हैस, आणि एकदा तर शेजाऱ्यांचे केसाळ पायपुसणे. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढे आजी तिचे हात जोडून ‘जय भीम’ म्हणायला लावते. ‘ज’ आणि ‘भ’ जमत नव्हते, म्हणून ती म्हणायची ‘दे बीम’. पुढे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत कोट आणि चष्मा घातलेला कोणीही दिसला की ती बोट ठेवून म्हणू लागली, “बीम!” बँकेच्या जाहिरातीतला बाबू आमच्या घरी महिनाभर ‘बीम’ होता. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. कोट आणि चष्मा या दोन खुणा तिने स्वतः निवडल्या, त्यावरून एक गट केला आणि त्याला नाव दिले. नंतर नवी माहिती मिळाली तशी तिने स्वतःच तो गट लहान केला. आधी तर्क करायचा आणि अनुभवाने तो सुधारायचा, विज्ञान याहून वेगळे काय करते?

दोन वर्षांनंतरचे एक पान आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. त्या दिवशी लेक म्हणाली, “मी करलं.” ‘केलं’ नव्हे, ‘करलं’. हा शब्द आमच्या घरात कोणी बोलत नाही, शेजारी कोणी बोलत नाही. मग तो आला कुठून? ‘बस’चे ‘बसलं’ होते, ‘पड’चे ‘पडलं’ होते, ‘उठ’चे ‘उठलं’ होते, तर ‘कर’चे ‘करलं’ व्हायला हवे, हा हिशेब तिने मनाशी केला. पोपट ऐकलेले बोलतो. मूल न ऐकलेलेही बोलते, कारण त्याने नियम शोधलेला असतो. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ मध्ये लहान मुलांना कधीच न ऐकलेले बनावट शब्द देऊन त्यांची अनेकवचने करायला सांगितली होती. मुलांनी ती नियमाप्रमाणे केली. व्याकरण कोणी शिकविले नव्हते, ते त्यांनी काढलेले होते.

आणि हे काम प्रत्येक मूल करते. सफाई कामगाराचे करते, ऊसतोड मजुराचे कोपीत वाढणारे करते, बंगल्यातले करते. ज्यांच्या पूर्वजांना ज्ञानाचा अधिकार नाही असे धर्मग्रंथांनी सांगितले, त्यांच्या लेकरांनी पिढ्यान् पिढ्या तीन-चार वर्षांच्या वयात एका पूर्ण भाषेचे व्याकरण गुरूशिवाय, पाटीशिवाय उलगडले आहे. बुद्धी कोणाची मक्तेदारी नाही याचा पुरावा रोज प्रत्येक वस्तीत दुडुदुडु धावतो आहे.

आता दुसरी बाजू. गेल्या महिन्यात आम्ही एका बालवाडीत प्रवेशाची चौकशी करायला गेलो. तिथल्या बाईंनी ग्लास दाखवून विचारले, “हे काय?” लेक म्हणाली, “पानी.” बाईंनी आमच्याकडे पाहून विचारले, “घरी असंच बोलतात का?” पुढे सल्लाही दिला की, आजीला मुलीशी जरा कमी बोलू द्या आणि घरात इंग्रजीच वापरा. बाईंचा स्वर वाईट नव्हता. त्यांना खरोखरच आमचे भले करायचे होते. पण त्यानंतर चार-पाच दिवस आमची आई नातीशी नीट बोलेना. बोललीच तर अडखळत ‘पाणी घे’ एवढे म्हणायची आणि गप्प व्हायची. नात तिच्या तोंडाकडे पाहत राहायची. जिने त्या पोरीला बोलते केले, तिलाच एका वाक्याने मूक केले! शेवटी आम्ही आईपुढे बसून सांगितले, तू बोल, तुझ्यासारखेच बोल.

मुळात ‘पानी’त चूक काय आहे? कोट्यवधी हिंदी भाषक ‘पानी’च म्हणतात, तेव्हा ते राष्ट्राच्या राजभाषेत बोलतात, आमच्या आईने तेच म्हटले की ती गावंढळ कशी होते? ‘न’ आणि ‘ण’ यांचा हा वाद उच्चाराचा नाही. कोणाचा उच्चार प्रमाण मानायचा, हा सत्तेचा वाद आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा त्यातल्या विचारांना उत्तर देण्यापेक्षा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाचीच टवाळी केली. ती टवाळी आज बालवाडीच्या दारात दोन वर्षांच्या पोरीला आणि तिच्या आजीला भेटते, एवढाच फरक.

इंग्रजीशी आमचे वैर नाही. ती आमच्या मुलांना आलीच पाहिजे आणि उत्तम आली पाहिजे. परंतु मूल दोन-तीन भाषा एकाच वेळी सहज पेलते. त्यासाठी आधीची भाषा घराबाहेर काढावी लागत नाही. ज्या भाषेत आईबापांना स्वतःला पाच वाक्येही मोकळेपणी बोलता येत नाहीत, तीच घरात बोलायची ठरवली, तर मुलाच्या वाट्याला ‘कम’, ‘सीट’, ‘डोन्ट टच’ एवढेच येते. गप्पा, गोष्टी, उखाणे, भांडणे सगळे बंद. हे नुकसान कोण भरून देणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत किंवा मातृभाषेत शिक्षण द्यावे असे म्हटले आहे.

गरिबांच्या घरात मुलांशी बोलतच नाहीत, असाही एक समज आहे. अमेरिकेत हार्ट आणि रिस्ले यांनी १९९५ मध्ये ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून मांडले की, गरीब घरातले मूल वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्द कमी ऐकते. हा आकडा जगभर गाजला. पुढे २०१८ मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, घरातली सगळी माणसे आणि कानावर पडणारे सगळे बोलणे मोजले, तर असे सरसकट म्हणता येत नाही. गरीब वस्त्यांमध्येही आपसात मोठा फरक आहे. आमच्या वस्त्यांत हे सांगायला संशोधक कशाला हवा? नळावर, ओट्यावर, विहारात मूल दहा तोंडांचे बोलणे ऐकते. मात्र नुसते कानावर पडणे पुरे नाही. मुलाने काही म्हटले की त्याला उत्तर मिळाले पाहिजे. मोबाईल बोलतो, पण ऐकून उत्तर देत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन वर्षांच्या मुलालाही दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त पडदा दाखवू नये, आणि त्याहून लहानांना दाखवूच नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. मूल उशिरा बोलू लागले की उपाय सुचविणारे घरोघर निघतात. जिभेवर मध लावा, पोपटाचे उष्टे फळ द्या, दृष्ट काढा, अमक्या बाबाचा दोरा बांधा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणे तर धोक्याचे आहे. बाबासाहेबांनी आम्हाला दोऱ्यातून सोडविले, ते पुन्हा लेकराच्या गळ्यात अडकविण्यासाठी नव्हे. न बोलण्यामागे पुष्कळदा कान असतो. ज्याला ऐकूच येत नाही, ते बोलणार कसे? वर्ष झाले तरी मूल ‘बाबाबा’ करीत नसेल, बोटाने दाखवीत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडीत नसेल किंवा आलेले बोलणे गेले असेल, तर वाट पाहत बसू नका. सरकारी रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येतात, त्यांना मूल दाखवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. बहिरेपण पहिल्या सहा महिन्यांत कळून उपचार सुरू झाले, तर मूल बोलण्यात फार मागे पडत नाही. ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ असे म्हणण्यात जी वर्षे जातात, ती परत येत नाहीत.

म्हणून आमचे बंधू-भगिनींना सांगणे आहे. घरातल्या आजी-आजोबांना गप्प करू नका. वऱ्हाडी असो, मराठवाडी असो, कोकणी वळणाची असो, जी भाषा ओठावर आहे तिच्यात लेकराशी भरपूर बोला, आणि बोलून थांबा, त्याचे ऐका. ‘करलं’ म्हटले तर हसून हिणवू नका. ‘हो, तू केलंस’ एवढे म्हणा, पुढचे ते पाहून घेईल. ‘ण’ त्याला शाळेत पाटीवर भेटेल तेव्हा तो ते शिकेल. पण आपल्या घरची बोली लाजिरवाणी आहे, हे मात्र त्याला कोणीही, कधीही शिकवू नये. बालवाडीत असे कोणी म्हणालेच, तर मान खाली घालू नका. तिथेच शांतपणे सांगा, “होय, आमच्या घरी असंच बोलतात.”