विहिरीचे निर्जंतुकीकरण

विहिरीचे निर्जंतुकीकरण म्हणजे विहिरीच्या पाण्यातील रोगकारक सूक्ष्मजीवांचा क्लोरीनयुक्त द्रव्याच्या साहाय्याने नाश करण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रात यासाठी प्रामुख्याने ब्लीचिंग पावडर वापरतात. ग्रामीण भागात ती ‘टीसीएल पावडर’ या नावाने ओळखली जाते. पटकी, विषमज्वर, हगवण आणि विषाणूजन्य कावीळ हे रोग दूषित पाण्यातून पसरतात. निर्जंतुकीकरणामुळे त्या वेळी पाण्यात असलेले जंतू मरतात. मात्र दूषित पाणी आत शिरण्याची वाट बंद होत नाही. त्यामुळे विहिरीची दुरुस्ती हा या प्रक्रियेचा आवश्यक भाग ठरतो.

दूषित होण्याची कारणे

घराच्या परसातील अरुंद विहिरीस आड म्हणतात. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ या म्हणीतील आड तो हाच. सोलापूर जिल्ह्यातील दुधनी, अक्कलकोट हा कर्नाटक सीमेलगतचा परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात पाणी मुख्यतः भेगांमधून व झिजलेल्या थरातून वाहते. वाळूच्या थरातून जाताना पाणी काही अंशी गाळले जाते; भेगांतून वाहताना तसे होत नाही. शौचालयाचा शोषखड्डा, उकिरडा किंवा गोठा जवळ असल्यास तेथील मैला थोड्या काळात विहिरीत पोहोचू शकतो. उन्हाळ्यात साचलेली घाण पावसाळ्याच्या पहिल्या सरींबरोबर वाहून येत असल्याने हा काळ विशेष धोक्याचा असतो.

इतिहास

निवळीच्या बिया किंवा तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळण्याची पद्धत जुनी आहे. तिने गाळ बसतो. पण पाणी निर्जंतुक होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पुढे ब्लीचिंग पावडर अधिक भरवशाची ठरल्याने ही पद्धत मागे पडली. पंढरपूरच्या यात्रेतून पटकी पसरत असे. आज आषाढी वारीपूर्वी पालखी मार्गावरील विहिरींचे शुद्धीकरण केले जाते.

पावडरीची मात्रा

प्रथम विहिरीतील पाण्याचे आकारमान काढतात. गोल विहिरीसाठी ३.१४ × व्यास × व्यास × पाण्याची खोली ÷ ४ हे सूत्र वापरतात. मापे मीटरमध्ये घेतल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असल्यास विहिरीत सुमारे २८,२६० लिटर पाणी असते.

ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते. नेहमीच्या शुद्धीकरणास १,००० लिटर पाण्यासाठी सुमारे २.५ ग्रॅम पावडर लागते; वरील विहिरीसाठी ती सुमारे ७१ ग्रॅम होते. पाण्यात सेंद्रिय घाण अधिक असल्यास मात्रा वाढते. ती ठरविण्यासाठी हॉरॉक्स पेटीचा उपयोग करतात. उघडी राहिलेली पावडर क्लोरीन गमावते. म्हणून ती हवाबंद डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवतात.

कृती

बादलीत १०० ग्रॅमपर्यंत पावडर घेऊन थोड्या पाण्यात तिची पातळ लापशी करतात. बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळतात आणि ५ ते १० मिनिटे स्थिर ठेवतात. तळाशी चुना बसतो. वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत ओततात. चुन्याचा साका विहिरीत टाकत नाहीत. द्रावणाची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली व आजूबाजूला जोराने हलवितात. त्यानंतर किमान १ तास पाणी उपसत नाहीत. दिवसाचा उपसा संपल्यानंतरची रात्रीची वेळ यासाठी सोयीची असते.

विहिरीत पुराचे पाणी शिरल्यास किंवा तपासणीत जिवाणू आढळल्यास जास्त मात्रेचे क्लोरीनीकरण करतात. आधी गाळ काढून भिंतींच्या फटी बुजवितात. नंतर दर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळेल इतके द्रावण टाकतात. वरील विहिरीस त्यासाठी सुमारे ४.३ किलोग्रॅम ताजी पावडर लागते. आतील भिंतीही द्रावणाने धुतात. १२ ते २४ तासांनी क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकतात. तोपर्यंत ते पिण्यास, स्वयंपाकास किंवा जनावरांस देत नाहीत.

लहान घरगुती विहिरींसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने दुहेरी मडक्याची पद्धत विकसित केली. आतल्या मडक्यात १ किलोग्रॅम पावडर व २ किलोग्रॅम जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण भरून ते छिद्र असलेल्या दुसऱ्या मडक्यात ठेवतात आणि पाण्याखाली सोडतात. सुमारे ४,५०० लिटरच्या विहिरीत ते २ ते ३ आठवडे पुरते.

तपासणी

ऑर्थोटोलिडिन चाचणीत पाण्याला पिवळा रंग आल्यास शिल्लक क्लोरीन असल्याचे समजते. मात्र जंतू उरले आहेत की नाहीत, हे प्रयोगशाळेतील जिवाणू तपासणीनेच कळते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नये. क्लोरीन पूर्ण निघून गेल्यावर नमुना निर्जंतुक बाटलीत घेतात. निकाल येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घेणे हितावह असते.

मर्यादा व प्रतिबंध

क्लोरीनमुळे नायट्रेट, फ्लोराइड किंवा क्षार कमी होत नाहीत. शुद्धीकरणानंतर काही आठवड्यांत जिवाणू पुन्हा आढळल्यास पावडर वाढवीत न राहता दूषिततेचा उगम शोधणे आवश्यक असते. विहिरीस पक्का कठडा, भोवती उतरता ओटा, सांडपाण्याची नाली व झाकण असावे. शौचालय किमान १५ मीटर दूर असावे. भेगाळ खडकात एवढे अंतरही पुरेलच असे नाही.

सुरक्षितता

पावडर हाताळताना हातमोजे, चश्मा व नाकावर फडके वापरतात. आम्लाशी संयोग झाल्यास तिच्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइडही साचतो. त्यामुळे गाळ काढण्यासाठी एकट्याने आत उतरणे प्राणघातक ठरू शकते. आत गुदमरलेल्या व्यक्तीस वाचविण्यासाठी साधनांविना उतरणाऱ्यांचाही असाच मृत्यू होतो.