मुलाच्या हातीं पहिली बांसरी कोणती द्यावी?

संस्कृतांत 'वंश' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: वेळू आणि कूळ. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग सांगितले असून वेळूची बांसरी ही सुषिर वर्गांतील मुख्य होय. असें हें प्राचीन वाद्य आपल्या घरांत वाजावें, असें पुष्कळ पालकांस वाटतें. परंतु निवड कशी करावी हें ठाऊक नसल्यामुळें पैसा आणि मुलाचा उत्साह हीं दोन्ही वायां जातात.

आमचाच अनुभव सांगतों. आमच्या थोरल्या नातवानें नवव्या वर्षीं बांसरीचा हट्ट धरिला. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं सुमारें ३२ इंच लांबीची बांसरी मैफलींत आणून या वाद्यास रागदारींत मानाचें स्थान मिळवून दिलें, हें आम्ही वाचलें होतें. थोरांचें अनुकरण करावें, या बुद्धीनें आम्हीं त्यास तीस इंची बांसरी घेऊन दिली. मुलाचीं बोटें छिद्रांपर्यंत पोंचेनात. तो रडकुंडीस येई आणि आम्ही मास्तरी खाक्यानें, "अभ्यास कमी पडतो," म्हणून त्यासच बोल लावीत असूं. सहा महिन्यांत बांसरी माळ्यावर गेली. दोष बोटांचा नव्हता, निवडीचा होता.

बांसरीची नळी जितकी लांब, तितका तिचा स्वर खालचा आणि छिद्रांमधील अंतर अधिक. वरचीं तीन छिद्रें झांकलीं असतां जो स्वर निघतो तो षड्ज, आणि त्यावरून बांसरीची पट्टी ठरते. पांढरी तीनची मोठी बांसरी सुमारें ३० इंच भरते, पांढरी पांचची सुमारें २४ आणि वरच्या पांढरी एकची १८-१९ इंच. आठ-दहा वर्षांच्या मुलास ही शेवटचीच योग्य. प्रौढ नवशिक्यानें पांढरी पांचपासून आरंभ करावा. बोटें रुळलीं म्हणजे लांब बांसरी मधल्या पेरांनीं झांकतां येते.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. १८४७ मध्यें जर्मनीच्या बोएम यानें किल्ल्यांची नवी धातूची बांसरी काढिली. तरी आयर्लंडांतील लोकवादकांनीं सहा उघड्या छिद्रांची जुनी लांकडी बांसरीच जवळ केली. तेथेंहि छिद्रें मोठीं व दूरदूर असलेल्या बांसरीवर नवशिक्याचा हात अवघडतो, म्हणून लहान व जवळ छिद्रांची बांसरी त्यास सोयीची पडते.

विकत घेतांना चार गोष्टी पाहाव्या. जत्रेंतील रंगीत बांसरी बहुधा बेसूर असते. तेव्हां पेटीशीं किंवा भ्रमणध्वनीवरील तंबोऱ्याशीं षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज जाणत्याकडून ताडून घ्यावे. वेळू सरळ, पातळ भिंतीचा आणि भेगरहित असावा. आसामकडील वेळू यासाठीं नांवाजलेला आहे. फुंकावयाच्या छिद्राची कड स्वच्छ असावी, खरखरीत नसावी. उभें धरून वाजवावयाचें अलगूज निराळें. त्यांत फुंक आपोआप कडेवर पडते, बांसरींत ती ओठांनीं साधावी लागते. म्हणून पहिले कांहीं दिवस स्वर न निघाल्यास मुलावर रागावूं नये, आणि घेरी आल्यास वादन लगेच थांबवावें.

आमच्या खर्ड्याकडे उन्हाळा फार कोरडा. वेळू वाळून तडकतो. यास्तव बांसरीस दोऱ्याचे बंध असावे, आंतून मधून मधून मोहरीच्या तेलाचा बोळा फिरवावा व ती उन्हांत कधींहि ठेवूं नये. ज्यांस इतकी निगा होणें नाहीं, त्यांनीं प्रथम सुरांत केलेली प्लास्टिकच्या नळीची बांसरी घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

धाकट्या नातीस आम्हीं अठरा इंची बांसरी आणिली. पंधराव्या दिवशीं तिनें षड्ज लाविला. तो ऐकून थोरला, जो आतां सोळा वर्षांचा आहे, माळ्यावर चढला. तीस इंची बांसरी त्यानें पुसून ओठांस लाविली. बोटें आतां सहज पोंचलीं, परंतु नळीस उभी भेग गेलेली होती, स्वर निघेना. आम्हीं त्यास जवळ बसवून म्हटलें, "बाळ, तेव्हां चूक तुझी नव्हती, आमची होती." तो कांहीं बोलला नाहीं, मात्र भेगेवर दोरा घट्ट गुंडाळीत बसला. पुढील महिन्यांत त्यास नवी बांसरी घ्यावयाची आहे. या खेपेस निवड तो करील. आम्ही फक्त बरोबर जाऊं.