फक्त 36 पिक्सेल, आणि कृष्णविवराजवळचं वादळ पकडलं!

तुमच्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे? 50, की थेट 108? जपानने नासाच्या साथीने 7 सप्टेंबर 2023 रोजी सोडलेल्या 'क्रिझम' या अवकाश दुर्बिणीतल्या 'रिझॉल्व्ह' उपकरणात मोजून 36 पिक्सेल आहेत. मेगा वगैरे नाही, नुसते 36! तरीही त्याने जे दाखवलं, त्यामुळे शास्त्रज्ञांना आपलं गणित पुन्हा तपासावं लागतंय.

हे पिक्सेल फोटोसाठी नाहीत. क्ष-किरणाचा एक कण आदळला की पिक्सेल किंचित तापतो. किती तापला, यावरून त्या कणाची ऊर्जा कळते. एवढीशी ऊब मोजता यावी म्हणून उपकरणाचं तापमान निरपेक्ष शून्याच्या फक्त 0.05 अंश वर ठेवतात.

नेमकं काय दिसलं?

पीडीएस 456 हा क्वेसार 200 कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे. त्याच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू प्रचंड तापतो आणि त्यातला काही उलटा बाहेर फेकला जातो. हा वायू आयनीभूत असतो, म्हणजे त्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. लोखंडाच्या अणूत एरवी 26 इलेक्ट्रॉन असतात. इथे जेमतेम एक-दोन उरतात. असं लोखंड ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण शोषतं, आणि वर्णपटात तिथे खाच पडते. वायू आपल्या दिशेने येत असेल तर ही खाच जास्त ऊर्जेकडे सरकते. वेग जितका जास्त, तितकी ती जास्त सरकते.

आधीच्या दुर्बिणींना इथे सगळं पसरट, धूसर दिसायचं. त्यामुळे वारा सलग वाहतोय असं मानलं जायचं. क्रिझमला मात्र वायूचे किमान पाच वेगवेगळे लोट दिसले. त्यांचा वेग प्रकाशाच्या 20 ते 30 टक्के, म्हणजे सेकंदाला 60 ते 90 हजार किलोमीटर!

मग अडचण काय?

हा वारा दरवर्षी 60 ते 300 सूर्यांइतकं वस्तुमान बाहेर नेतो, असा अंदाज 2025 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. तारे वायूपासूनच बनतात. इतका जोरदार वारा सतत वाहिला, तर दीर्घिकेतला वायू झाडून निघायला हवा. पण प्रत्यक्षात परिणाम त्या मानाने फारच कमी दिसतो. कदाचित वारा अधूनमधूनच सुटत असेल, किंवा हे लोट दीर्घिकेतल्या वायूच्या फटींतून निसटत असतील.

दीर्घिकेत किती तारे जन्मणार, हे तिचं कृष्णविवर ठरवतं का? या प्रश्नाचं उत्तर आता या पाच लोटांमध्ये शोधावं लागणार आहे.