तीन तासांचा दशावतार, 4 जीबीत

सिंधुदुर्गातल्या दशावताराचं चित्रीकरण पेनड्राइव्हवर द्यायचं असलं की आधी आकडेमोड करावी लागते. घरोघरच्या अनेक जुन्या टीव्हींना फॅट32 पद्धतीचाच पेनड्राइव्ह चालतो आणि त्यावर 4 जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. थोडी जागा राखून तीन तासांवर वाटणी केली की सेकंदाला 3000 किलोबिटच्या आसपास मिळतात. आवाजाचे 160 वजा जाता चित्राला उरतात साधारण 2850.

हाच सरासरी बिटरेट देऊन एक्स264 हा एन्कोडर एकाच फेरीत चालवला, तर त्याची गत पुढे किती पंगती बसायच्या आहेत हे माहीत नसलेल्या वाढप्यासारखी होते. त्याला नेहमीच्या सेटिंगवर 40 फ्रेमपर्यंतच पुढचं दिसतं, म्हणजे जेमतेम 1.6 सेकंद. शेवटच्या तासात युद्ध आहे हे त्याला कळणार कुठून?

म्हणून टू-पास. पहिल्या फेरीत हाती व्हिडिओ लागत नाही, तयार होते ती लॉग फाइल. ती मी नेहमी उघडून वाचते. दर फ्रेमला एक ओळ, तीन तासांच्या 2 लाख 70 हजार ओळी. बाकड्यावर बसून राजा गातोय तिथे बिटांचे आकडे लहान. झांज चढते, पात्रं गिरक्या घेतात, तिथे ते एकदम फुगतात. आणि कमी उजेडात मागच्या पडद्यावर कॅमेऱ्याचे दाणे उठले असतील, तर तिथेही फुगतात! आपल्या डोळ्यांना तो नुसता काळोख, एन्कोडरला मात्र प्रत्येक फ्रेममध्ये नवा तपशील. अशा जागी मी आधी दाणे हलके पुसून घेते आणि पहिली फेरी पुन्हा चालवते. दुसऱ्या फेरीत एन्कोडर याच नोंदी पाहून बिट वाटतो.

‘दोन फेऱ्या म्हणजे दर्जा जास्त’ हे मात्र मला पटत नाही. दुसऱ्या फेरीने साधतो तो फाइलचा ठरलेला आकार. आकाराचं बंधन नसेल तेव्हा सीआरएफ वापरावा. त्यात आकडा दर्जाचा द्यायचा, फाइल होईल तेवढी होऊ द्यायची. मूळ ठरलेला आकडा 23. तो 6 ने वाढवला की बिटरेट साधारण निम्म्यावर येतो. अशी फाइल तिच्याच आकाराच्या टू-पास फाइलशेजारी लावली, तर मला फरक दिसत नाही, वेळ मात्र वाचतो.

संग्रहाची प्रत मी सीआरएफ 18 वर, एकाच फेरीत काढते. पेनड्राइव्हची प्रत तिच्यावरून काढत नाही, कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलवरूनच काढते. एकदा गाळलेला तपशील दुसऱ्या एन्कोडिंगात परत येत नाही.